परतीचा भाव

गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकायचं आणि शिलाई मशीन दाखवण्याआधीच मिस्त्री विचारायचे, "इकसान कधी?"

घ्यायला आलेल्या माणसाला विकणार कधी म्हणून विचारणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला, बुलढाण्यात. जुन्या मशिनी विकत घ्यायच्या, पुऱ्या खोलून नव्यासारख्या करायच्या आणि पुन्हा विकायच्या, हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या बाकावर टेकायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

एकदा लेकीच्या लग्नात द्यायला मशीन घेणारा एक बाप चिडला. "अजून घेतली नाही, आन् तुमी इकाले निघाले?"

"सोनं घेता तवा इचारता ना, मोडीत किती येईन म्हणून?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मंग मशीनीले काऊन नाही? पोरीवर उद्या वेळ आली तं हेच पैसे तिच्या हाती राह्यतीन."

मग ते मशीनचं हेड उलटं करायचे आणि बारीक ब्रशनं, पिवळ्या ऑइलपेंटनं, खालच्या बाजूला एक आकडा लिहायचे. पाच वर्षांत परत आणली तर मिळणारा भाव. अक्षर असं, की छापल्यासारखं. शाळा चौथीत सुटली होती, पण आकडा कधी तिरका गेला नाही.

पुढे मोबाइलवर खरेदी सुरू झाली. नवी चकचकीत मशीन घरपोच मिळू लागली आणि दुकानातला बाक माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. त्यांची लेक नसरीन बी.कॉम. झालेली. तिनं दुकानाचं ऑनलाइन पान काढलं, छान फोटो टाकले. लोक बघायचे आणि पुढे जायचे. महिना असा गेला.

"परतीचा भाव सगळ्यात वर टाक," मिस्त्री म्हणाले. "रंग-बिंग मंग."

"अब्बा, घेणारा माणूस विकायचं कशाला वाचेल?"

"घेणाराच वाचते. पैसा पाण्यात जाईन का, ह्याचीच त्याले धास्ती राह्यते."

मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: 'पाच वर्षांत कधीही आणा, ह्या भावात परत घेतो, पण मशीन तेल घातलेली पाहिजे.' मी शेवटचा तुकडा गाळला. एवढ्या सुंदर वचनाला तेलकट शेपूट कशाला, असं मला वाटलं. उभा जन्म पुस्तकांत गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायची खोड असते.

फोन येऊ लागले. रंग कुणी विचारत नव्हतं. "खरंच परत घेता का?" एवढंच.

"आणून पाहा," मिस्त्री म्हणायचे. मशिनी जाऊ लागल्या, लांबच्या जिल्ह्यांतही.

दोन वर्षांनी वडनेर भोलजीहून एक बाई खरोखरच मशीन घेऊन आली. गोठ्यात ठेवलेली असावी. गंज असा, की चाक हलेना. बाईंनी मोबाइलवर आमचं पान उघडलं आणि माझं वाक्य मोठ्यानं वाचलं.

"हिला भंगारवालासुद्धा हात लावणार नाही," नसरीन हळूच म्हणाली. "अशा दहा आल्या तर शटर खाली, अब्बा."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "सर, तेलाचं लिहलं व्हतं ना आपण?"

"मी काढलं," मी म्हणालो. "वाक्य बरं दिसत नव्हतं."

त्यांनी हेड उलटं करून गंजाखालचा आकडा अंगठ्यानं पुसून वाचला आणि तेवढे पैसे बाईंच्या हातावर ठेवले. "लिहलं ते लिहलं," ते नसरीनला म्हणाले.

नुकसान मी भरून देतो म्हटलं, तर त्यांनी माझ्या हातात रॉकेलचा बोळा दिला. "हे भरा." चार संध्याकाळी मी गंज घासला. नखं काळी झाली. "पुस्तकावरची धूळ नाही हे, सर, जोर लावा," ते म्हणायचे. पाचव्या दिवशी चाक फिरलं तेव्हा मला जो अभिमान वाटला, तो नोकरीत क्वचितच वाटला असेल.

गाळलेला तुकडा परत घालायचा ठरलं. मी 'नियमित देखभाल आवश्यक' असं सुचवून पाहिलं. "हे कोनाले समजते? तेल घातलेली लिहा." लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक मशीनसोबत तेलाची छोटी बाटली जाऊ लागली. कुठे कुठे थेंब सोडायचा, ते मिस्त्री फोनवर सांगत बसत, अर्धा अर्धा तास. लोक परतीच्या भावासाठी मशीन जपू लागले, आणि जपलेली मशीन परत द्यायला कुणाचं मन होईना. परत येणाऱ्या मशिनी बोटांवर मोजण्याइतक्या. खामगावच्या एका दुकानदारानं आमचं वाक्य तेलासकट उचललं. नसरीन रागावली. मला मात्र गंमत वाटली. माझं एकही वाक्य आजवर कुणी चोरलं नव्हतं, आणि चोरलं गेलं ते मिस्त्रींचं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. पेंटचा ब्रश रॉकेलच्या डबीत तसाच उभा होता.

चार दिवसांनी नसरीननं विचारलं, "सर, ते वाक्य पानावरून काढू का? वचन अब्बांचं होतं. आता घाबरून सगळेच मशिनी घेऊन आले, तर मी कुठून पुरी पडू?"

"त्या वाक्यातलं एकदा काढून पाहिलंय मी," मी म्हणालो. "आता तू ठरव."

तिनं काढलं नाही. दुकान उघडलं त्या सकाळी ऑटो थांबला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मशीन घेऊन पिंपळगाव राजाची एक बाई उतरली. नसरीनचा चेहरा उतरला. तरी तिनं गल्ल्याचा खण ओढला.

"इकाले नाही आणली, ताई," ती बाई म्हणाली. "अडखळून राह्यली. तुमचे बाबा फोनवर सांगत व्हते, तेल कुठं कुठं सोडाचं. आता कोन सांगन?"

नसरीननं खण लोटला आणि तेलाची कुप्पी घेतली. "हेड तिरपं धरा, सर."

मी धरलं. ती एकेका भोकावर थेंब सोडत गेली, आणि वडील फोनवर सांगायचे त्याच क्रमानं बाईंना सांगत गेली. खालच्या बाजूचा पिवळा आकडा माझ्या तोंडासमोर होता. सरळ, कुठेही तिरका नाही. त्यावर तेलाचा एक ओघळ आला. मी तो पुसला नाही.