देजिदचा मुक्काम का अडला

तुमच्या घरी एखादा परका माणूस आला, आठवडाभर तुमचं दूध प्यायला, तुमच्या चुलीशी शेकला, आणि परत जाऊन चार लोकांत लिहून मोकळा झाला की ‘तिथे कुणालाच कसली घाई नसते, वेळ तिथे थांबलेलीच असते’, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मी जे म्हणाले ते छापता येणार नाही. छापता येईल तेवढं खाली लिहिते.

हे ज्या घराबद्दल लिहिलं गेलं ते देजिदचं घर. तेस नदीच्या वरच्या अंगाला शारगाचा ओढा उतरतो, त्याच्या काठी तिचा उन्हाळी मुक्काम असतो. सोबत मुलगा गोम्बो, मेंढरं, थोड्या घोड्या, घर लादायला उंट आणि एक कुत्रं. घाई म्हणजे काय ते ह्या दोघांना विचारा. आमचं अख्खं वर्ष गवतामागे पळण्यात जातं. उन्हाळ्याच्या जागेवर जरा जास्त बसलं की गवत मुळासकट जातं. शरदाच्या कुरणावर जरा उशिरा पोचलं की मेंढीच्या अंगावर चरबी चढत नाही, आणि चरबी न चढलेली मेंढी पुढचा वसंत बघत नाही. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते म्हणतात. गवत चुकलं तर दुसरं मिळत नाही.

देजिद बुटकी, घोड्यावर बसून बसून पाय वाकलेले, जीभ सरळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या माघारी तिने मेंढरं वाढवली, गोम्बोला वाढवलं, आणि दाराला कडी कधी लावली नाही. लांबून कुणी ‘कुत्रं आवरा’ अशी हाक मारली की हिने चुलीवर चहा चढवलेलाच असतो. दूध घातलेला खारा चहा, मग साय, मग तळलेल्या पिठाचे तुकडे. आलेल्याचं नाव ती दुसरा वाडगा संपल्यावर विचारते. मी एकदा म्हटलं, आधी का नाही विचारत, तर म्हणाली, उपाशी माणूस नाव खोटं सांगतो.

एकदा एका ट्रकवाल्याने तिच्याकडे खोगीर ठेवलं. कधीतरी नेईन म्हणाला. तो आला दोन हिवाळ्यांनी. तोवर देजिदने ते खोगीर प्रत्येक मुक्कामाला उंटावर लादून नेलं आणि दर वसंतात त्याला चरबी चोळली. ट्रकवाला लाजून म्हणाला, मावशी, हे तर मी दिलं होतं त्याहून चांगलं दिसतंय. ती म्हणाली, तू मात्र होतास त्याहून जाडा दिसतोयस, बस, चहा घे.

तर अशा घरी गेल्या उन्हाळ्यात तो आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला तेवढाही मान नको. लांब पाय, लांब मान, म्हणून गोम्बोने त्याला करकोचा म्हणायला सुरुवात केली. एकटाच, सायकलवर, ना वाटाड्या ना गाडी. दगडांच्या वाटेवर मागचं चाक मोडलेलं आणि सायकल खांद्यावर. गोम्बो अजून सांगतो, घोडा लंगडला तर आपण त्याला मोकळा सोडतो, हा लंगड्या घोड्याला पाठीवर घेऊन आला होता.

मी खोटं बोलणार नाही, पोरगा वाईट नव्हता. पाणी आणायचा, गोवऱ्या गोळा करायचा. घोडीचं दूध काढायला गेला आणि लाथ खाऊन आला तर सगळ्यांच्या आधी तोच हसला. देजिदला आवडला. मग खोऱ्यातून लोकरीचा ट्रक निघाला, तेव्हा शहरातून नवं चाक आणतो म्हणून तो त्यात बसला. सायकल, तंबू, जाड झोपपिशवी, हिवाळी कोट, सगळं देजिदकडे ठेवलं. जाण्याआधी त्याने फोन तिच्यासमोर धरला. फोन आमच्या भाषेत बोलायला लागला, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. ‘गवत पिवळं पडायच्या आत मी ह्याच जागी परत येईन. तोवर माझं सामान सांभाळाल का? माझी वाट बघाल का?’

आधी ती फोनला हसली. मग हसणं थांबवून तिने त्या फोनमध्ये तोंड घालून, बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्याने सांगितलं, “बघते.”

ट्रक निघाला तशी तिने त्याच्या वाटेवर पळीने दूध शिंपडलं. जाणारा सुखरूप जावा म्हणून आम्ही शिंपडतो.

गवत पिवळं पडलं. खोऱ्यातली एकेक घरं उतरायला लागली. लोकरीच्या नमद्याची ही आमची गोल घरं, गेर, सकाळी सोडायची आणि संध्याकाळी दुसरीकडे उभी करायची. लादलेले उंट आणि ट्रक देजिदच्या दारावरून जात होते आणि ती प्रत्येकाला चहा घेऊन समोर जात होती. जो तो विचारायचा, तुमचं कधी? ती म्हणायची, आज-उद्या.

शेवटचं घर गेलं त्यानंतर गोम्बो घोड्यावरून तालुक्याला माझ्याकडे आला. आम्ही चार जण खाणीच्या ट्रकांविरुद्ध भांडतो, कुरणातून वाटेल तशा वाटा पाडतात म्हणून. माझं शिक्षण शाळेत कमी आणि असल्या भांडणांत जास्त झालंय, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. गोम्बो दारातच म्हणाला, “ताई, तुम्ही खाणवाल्यांशी भांडता, साहेबांशी भांडता. एकदा माझ्या आईशी भांडा. मी हरलो.”

त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. सामान तालुक्याच्या दुकानात ठेवू म्हणाला, तर आईचं उत्तर तयार, तो दुकानात येईन म्हणाला नव्हता. मी मेंढरं घेऊन पुढे जातो म्हणाला, तर दिवसभर घोड्यावर एक आणि रात्री लांडग्यांवर नजर ठेवायला दुसरं, अशी दोन माणसं लागतातच, आणि आईला एकटीला मागे ठेवायची त्याचीच तयारी नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली. शारगाचा ओढा लांबूनच ओळखू येईना. हिरवा-पिवळा म्हणून काही रंगच उरला नव्हता, माती दिसत होती, आणि मेंढरं त्या मातीत तोंडं घालून उभी होती. त्या सगळ्यात एकच गेर.

देजिद दारात उभी. म्हणाली, “आलीस? माझ्या पोराने भाड्याने आणलं का तुला?”

“फुकट आलेय, मावशी. तुझ्याशी भांडायचं असेल तर मी पैसे घेत नाही.”

“मग आधी चहा घे. कोरड्या घशाने भांडलीस तर हरशील.”

चहा झाला. मी मोठ्या तावातावाने सुरू केलं. म्हटलं, ट्रकवाल्याचं खोगीर तू गावोगाव नेलंस, मग ही सायकल न्यायला काय झालं? तो येईल तेव्हा विचारत विचारत येईल.

“तो ट्रकवाला आपला होता,” ती म्हणाली. “देजिद कुठे उतरली, असं कुणालाही विचारलं असतं तरी पोचला असता. ह्याला विचारता येत नाही, आणि फोनाने विचारलं तरी इथे उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. ह्याच्या फोनात माझं घर म्हणजे एक ठिपका आहे, मला दाखवला होता त्याने. मी हलले तरी ठिपका हलत नाही. तो त्या ठिपक्यापाशी येणार.”

“येऊ दे. कुणी नाही बघितल्यावर जाईल परत.”

“कशाने? ट्रक त्याला उतरवून निघून जाणार. त्याचा तंबू माझ्याकडे, त्याचं अंथरूण माझ्याकडे, कोट माझ्याकडे. रात्री पाणी गोठायला लागलंय, पोरी. इथे एकही चूल पेटलेली नसेल तर तो सकाळ बघेल का? तू सांग.”

मी वाडगा खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. तालुक्यातला दुकानदार नंतर म्हणाला, म्हातारीला एवढं कळू नये? फिरायला आलेले लोक असं बोलतातच. मी त्याला तिथेच सुनावलं. वादळात अडकलेल्या माणसाने ‘मी इथे आहे’ म्हटलं तर आपण त्याला आधी खरं का खोटं असं विचारतो का? आलेला माणूस बोलतो ते त्याच्या मनात आहे की नुसतं तोंडात, हे तपासायला ज्या दिवशी आपण लागू, त्या दिवशी ह्या मुलखातलं एकही दार बर्फात कुणासाठी उघडणार नाही. देजिदला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती थांबली होती.

मी गाडी तालुक्याकडे पिटाळली, कारण शारगाला फोन लागत नाही. हे सायकलवाले आपापल्या प्रवासाचं जिथे लिहितात तिथे शोधलं आणि करकोचा सापडला. देजिदचा फोटो, घोडीच्या दुधाचा वाडगा, आणि खाली ते वाक्य. घाई नसते म्हणे. वेळ थांबलेली असते म्हणे. वेळ थांबलेली नव्हती रे बाबा, देजिद तुझ्यासाठी थांबली होती.

मी जमेल तशा तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं, तू कुठे आहेस, कधी येतोस, इथे मेंढरं उपाशी आहेत. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात खिंडीत पहिलं बर्फ पडलं. मग उत्तर आलं, एका समुद्रकिनाऱ्यावरून. चाक मिळालं नाही, विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं, म्हणून तो दक्षिणेला निघून गेला होता. ती अजून तिथेच आहे? किती गोड, असं लिहिलं होतं. तिला सांगा, सगळं सामान तिलाच, माझ्याकडून भेट. पुढे एक हसरं तोंड.

ते हसरं तोंड मी अजून पुसलेलं नाही. संताप ओसरायला लागला की काढून बघते.

पुन्हा शारगा. देजिद बाहेर एका मेंढीचं अंग चाचपत होती. मी सगळं सांगितलं, भेटीबद्दलही. आता ती चिडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं.

ती म्हणाली, “म्हणजे बरा आहे तो.”

“बरा आहे. समुद्रात पोहतोय.”

“आणि येत नाही, असं त्याने स्वतः म्हटलंय?”

“स्वतः.”

“मग मी सुटले,” असं म्हणून ती उठली आणि गेरच्या छपराचा दोर सोडायला लागली. हातातलं काम तिथेच. गोम्बोला हाक मारली, उंट आण. दोर सोडता सोडता तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. “त्याने एवढंच कळवायचं होतं. मी काय धरून ठेवणार होते?”

त्याच दिवशी मुक्काम हलला. सायकलीचं काय, असं गोम्बोने विचारलं, तर म्हणाली, दिली असेल, पण माझ्या हातात नाही दिली. माझी नाही ती. आणि उंटावर सगळ्यात वर बांधली. झोपपिशवीची गाठ तिने आजपर्यंत सोडलेली नाही, मग कितीही थंडी पडो.

आमच्याकडे लादलेलं घर वाटेने जाताना दिसलं की ज्याची चूल जवळ तो गरम चहा घेऊन समोर येतो. अख्ख्या खोऱ्याला तिने असा चहा दिला होता. ती निघाली तेव्हा वाटेवर एकही धूर नव्हता, सगळे केव्हाच उतरलेले. मी गाडी पुढे काढली, खिंडीच्या पायथ्याशी आडोशाला स्टोव्ह पेटवला, आणि ती आली तशी किटली घेऊन समोर गेले, जणू माझं घर तिथेच होतं. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. मीठ कमी आहे म्हणाली. तेवढंच बोलली.

शरदातलं कुरण निम्मं बर्फाखाली गेलं होतं. मेंढरं हाडकुळीच हिवाळ्यात शिरली, आणि व्हायचं तेच झालं. वसंतात मेंढवाडा बघवत नव्हता. गोम्बो आता खाणीच्या ट्रकवर माल भरायला जातो, त्याच खाणीच्या. मी रस्त्यात ट्रक अडवते तेव्हा तो मागच्या बाजूला मान खाली घालून बसलेला असतो. मी त्याला काय बोलू? करकोच्याला ह्यातलं सगळं लिहिलं. ह्या वेळी उत्तर आलं नाही. समुद्रावर घाई असेल.

देजिद ह्या उन्हाळ्यातही ओढ्याकाठी आहे, उरलेल्या मेंढरांसकट. दाराला कडी नाही. परवा दोघं जण पाठीवर पिशव्या घेऊन आले, तर चहा आधीच चुलीवर होता. मी तिथेच होते, मला तिला हटकायचं होतं, तिने डोळ्यांनी गप्प केलं.

म्हणून तिला नाही, तुम्हाला सांगते. जरूर या, आमचं दूध प्या, घोडीची लाथ खा. पण जिथे कुठे, ज्या कुणाला, ‘परत येतो’ म्हणून शब्द देऊन आला असाल आणि आता जायचं नसेल, त्याला आजच कळवा. फोन लागत नसेल तर त्या बाजूला जाणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याच्या तोंडी निरोप द्या. कारण सांगू नका, भेट देऊ नका. येत नाही, एवढंच सांगा.