रुमालवाला साहेब आणि आमच्या तलावातल्या मरळी

नाकाला रुमाल लावल्याशिवाय तो आमच्याशी बोलत नसे. माशांच्या खात्यातला साहेब, आणि त्याला माशाचा वास सोसत नव्हता. रुमालाआडूनच म्हणायचा, "पाण्यात सोडलं की वाढतंच." असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या तलावावर आम्हा भोयांची सहा घरं जगत होती. पुरुष जाळी टाकायचे, आम्ही बायका काष्टीच्या बाजारात पाट्या घेऊन बसायचो. एकाहत्तरच्या श्रावणात हा जीपमधून पत्र्याचे डबे घेऊन आला. डब्यांत कटला माशाचं बीज, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं. आता वर्षभर कुणी जाळं टाकायचं नाही, म्हणजे पुढच्या साली दोन-दोन किलोचा मासा निघेल, असं त्यानं सांगितलं.

माझी सासू पुढे झाली. "साहेब, आधी जाळं वढून मरळी काडू द्या. बीज खड्ड्यात ठिवा, बोटाएवढं झालं की मग सोडा. न्हाईतर मरळी समदं खात्याल. मासं खानारा मासा त्यो."

"मासा शेवाळ खातो, आजी."

त्यानं जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्याचं मला काही नाही, ज्याचं त्याचं ताट. पण मासा चिरलेलासुद्धा त्यानं कधी पाहिला नव्हता. माशाच्या पोटात काय असतं ते त्याला कुठून कळणार?

डबे ओतले, तेही काठच्या गवतात, जिथं मरळी दबा धरून बसतात. आमची जाळी चावडीत कुलपात गेली. आम्ही दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला गेलो. मरळींना मात्र जाळ्याचं भय नाही आणि खायला ददात नाही.

महिन्याभरानं गळाला एक मरळ लागली. सासूनं ती मुद्दाम त्याच्यासमोर चिरली. पोटातून कटल्याची पिल्लं निघाली, ओंजळभर. रुमाल घट्ट दाबून तो म्हणाला, "आजारी असतील ती."

पुढचा पावसाळा कोरडा गेला. तलाव चिखलावर आला तेव्हा जाळी परत मिळाली. त्यांची गरजच उरली नव्हती. चिखलात मांडीएवढ्या मरळी आपटत होत्या. कटला औषधालाही नव्हता. आणि मरळी तरी किती? पंचवीस-तीस. दोन बाजारांत संपल्या. सहा घरांचं वर्ष त्यांच्या पोटात गेलं होतं.

साहेब काठावर उभा होता. एवढी घाण कधी सुटली नव्हती, पण त्या दिवशी रुमाल खिशातच होता. हळूच म्हणाला, "मला कुणी अडवायला हवं होतं."

सासूनं विळीवरून मान वर केली नाही. "अडिवलं हुतं, साहेब. रुमाल तुमच्या नाकाला हुता. कानाला न्हवता."

मला त्याची क्षणभर कीव आली, मग पोरांची तोंडं आठवली आणि तीही गेली.

पुढं त्याची बदली झाली. कुठं, ते कुणी विचारलं नाही. बिजाचे डबे तेवढे तलावावरच राहिले. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना आम्ही त्यांतून प्यायचं पाणी न्यायचो. डबे चांगले होते. एकही गळला नाही.