गिअरबॉक्सचं तेल आणि सातवा महिना

आमच्या घरात गाडी मी चालवते. नवऱ्याला गाडी येत नाही आणि त्याची त्यांना खंतही नाही. डावीकडे बसून रस्त्यावर लक्ष ठेवण्याचं काम मात्र ते माझ्यापेक्षा जास्त मन लावून करतात. माझा डावा घोटा मोपेडवरून पडून मोडला, त्यात स्क्रू बसले आणि क्लच दाबणं कायमचं संपलं. तेव्हा ही ऑटोमॅटिक गाडी घेतली, तीही कुणीतरी वापरलेली. हिला क्लच नाही, गिअर ती आपले आपण बदलते. मी शिकवत होते त्या शाळेतले सहकारी हिला ‘बाईंची स्कूटी’ म्हणायचे. म्हणेनात का! त्या स्कूटीमुळे मी सांगलीच्या विश्रामबागेतून मनात येईल तिथे, मनात येईल तेव्हा, कुणाच्याही मिनतवाऱ्या न करता जात होते.

मुलगी साताऱ्याला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून तिला सांगलीला आणायचं. मी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की तिला मी आणणार, माझ्या गाडीतून. आणि नेमकी तेव्हाच गाडी बिघडायला लागली. सकाळी चालू करून ‘डी’मध्ये टाकली की ती जरा विचार करायची, मग मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका द्यायची. पुढे पहिल्याचा दुसरा गिअर पडतानाही तेच. अशा हिसक्यात सातवा महिना लागलेली पोर बसवायची माझी छाती होईना.

गिअरबॉक्सचं तेल मी घेतल्यापासून कधी बदललंच नव्हतं. शंभर फुटी रस्त्यावरच्या माझ्या मेकॅनिकला मी ते बदलायला सांगितलं, तर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. इतक्या जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलायचं नसतं, असं त्याचं ठाम मत होतं. जुन्या तेलावर गिअरबॉक्स जमून गेलेला असतो, नवं तेल घातलं की तो घसरायला लागतो आणि मग गाडी जागची हलत नाही. त्यानं तसे दोन गिअरबॉक्स डोळ्यांनी बघितले होते.

“बाई, चालतीय तवर चालवा,” तो म्हणाला. “ह्याचं सामान आता कुठं मिळत न्हाई. गेला तर गाडी भंगारात जाईल, आन तुमी घरात बसशिला.”

शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं, तर त्यांना मेकॅनिकचं पटलं. संध्याकाळी मी माझी बाजू मांडली, तेव्हा त्यांना माझंही पटलं. आमच्याकडे असंच असतं, शेवटी जो बोलला त्याचं बरोबर. भाड्याची गाडी करू, हा तोडगा मात्र त्यांनी स्वतःचा म्हणून काढला आणि मला त्याचा इतका राग आला की मी त्यांच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाही.

तिकडे तासगावला माझ्या धाकट्या भावाच्या कानावर हे गेलं. तो द्राक्षबागायतदार, घरी दोन ट्रॅक्टर. दुसऱ्याच दिवशी तो तेलाचा भलामोठा कॅन घेऊन दारात हजर. ट्रॅक्टरच्या गिअरचं तेल, काकवीसारखं दाट. त्याच्या हिशेबानं माझ्या गाडीचं तेल पातळ पडलं होतं आणि तेवढाच तिचा रोग होता.

“अक्का, आमच्या ट्रॅक्टरला हेच वततोय,” तो म्हणाला. “लोखंड ते लोखंडच की गं.”

आमच्या भागात कुठल्याही यंत्राचं दुखणं शेवटी ट्रॅक्टरच्या औषधानं बरं करायला निघतात. भावाची माया मला कळत होती, पण ते दाट तेल माझ्या गिअरबॉक्समध्ये गेलं असतं तर गाडी अंगणातच बसली असती. ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं, त्याच्याच दाबावर गिअर पडतात. बारीक बारीक वाटांतून ते पळावं लागतं. हे मी त्याला समजावलं. त्याला पटलं नाही, पण माझ्यासमोर तो फार बोलत नाही. मी त्याला चहा पाजला आणि कॅन त्याच्याच डिकीत परत ठेवला.

तो गेल्यावर मी अंगणात उभी राहून विचार केला. नवं तेल घातल्यावर गिअरबॉक्स बसतो म्हणतात. पण तेल बदलायला लोक येतात कधी? गिअर घसरायला लागल्यावर, आतल्या प्लेटा झिजून गेल्यावर. मग तो गिअरबॉक्स मरणारच होता आणि नाव नव्या तेलाचं झालं. माझ्या गिअरबॉक्सचं तसं झालंय की नाही, एवढंच बघायला हवं होतं.

आणि बघायचं कसं, ते मला येत होतं. मी तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये वाढलेली मुलगी. आमचे वडील बेदाण्याचा नमुना शेडच्या सावलीत कधी पारखायचे नाहीत. तो बाहेर आणून पांढऱ्या फडक्यावर पसरायचा, उन्हात रंग बघायचा, मग नाकाशी धरायचा आणि शेवटी चिमटीत चोळायचा. खडा लागला तर माल बाजूला. हे मी इतक्या वेळा केलंय की झोपेतही करीन.

मी गाडी थोडी फिरवून गरम केली, बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली आणि टोकाचा थेंब नवऱ्याच्या पांढऱ्या रुमालावर टिपला. रुमाल उन्हात धरला. रंग तपकिरी, जुन्या गुळासारखा, काळा नव्हता. वास घेतला. करपलेल्या दुधासारखा वास आला असता तर मी तिथंच हात टेकले असते. तसा वास नव्हता, नुसता शिळा होता. चिमटीत चोळलं, कच लागली नाही. तेल म्हातारं झालं होतं, गिअरबॉक्स नव्हता झाला. मला इतका आनंद झाला की मी तो रुमाल नवऱ्याच्या नाकाशी नेला. ते दोन पावलं मागे सरले.

गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेल सांगलीत मिळालं नाही, कोल्हापूरहून मागवलं. मेकॅनिकला मी काही गोष्टी बजावल्या. यंत्र लावून जोरानं आतलं सगळं तेल ढकलून काढायचं नाही. खालचा बोल्ट उघडून आपणहून येईल तेवढंच काढायचं आणि मोजून तेवढंच भरायचं. थोडे दिवस चालवून पुन्हा तसंच करायचं, म्हणजे जुनं हळूहळू नव्यात मिसळून जाईल. त्यानं सगळं ऐकलं आणि गाडी गेली तर त्याच्यावर यायचं नाही, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

काम झालं. गाडी मीच चालू केली आणि गॅरेजबाहेर काढायला रिव्हर्समध्ये टाकली. काहीच झालं नाही. इंजिन चालू, गिअर पडलेला आणि गाडी जागची हलेना. मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. या वयात आता रिक्षाला हात करत उभं राहायचं, हे चित्र मला स्वच्छ दिसलं. मग आत कुठंतरी तेल पोचलं असावं, कारण गाडी हलकेच मागे सरकली. ‘डी’मध्ये टाकली, हिसका नाही. शंभर फुटी रस्त्यावर एक फेरी मारून आले तेव्हा मेकॅनिक दारातच उभा होता. काच खाली करून मी त्याला विचारलं, पुढच्या तेलाची तारीख कधीची देतोस?

दुसऱ्यांदा बदलल्यावर तर गिअर कधी पडतो तेच कळेनासं झालं. मी एकटीच गाडीत गाणं म्हणायला लागले, आणि मला गाता येत नाही.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याहून निघालो. मुलीचं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, गल्ली अशी उभी की तिथून गाडी काढताना भले भले घामाघूम होतात. विहीणबाई ओटी भरून दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडीविषयीची शंका स्पष्ट दिसत होती. मी त्या गल्लीतून चढावर थांबून, समोरच्या टेम्पोला वाट देऊन पुन्हा निघाले, आणि गाडी तसूभरही मागे आली नाही.

मुलगी मागच्या सीटवर उशी घेऊन कलली होती. कराडच्या अलीकडे तिचा डोळा लागला. पुढे पेठ नाक्याला आत वळलो, इस्लामपूरची गर्दी लागली, आष्ट्याचे गतिरोधक लागले. थांबत, सुटत, पुन्हा थांबत गाडीनं किती गिअर बदलले असतील देव जाणे. डावीकडे बसलेले आमचे हे सारखे मागे वळून बघत होते आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प करत होते, जरी मी काही बोलतच नव्हते.

फाटकाशी गाडी लावून मी इंजिन बंद केलं, तेव्हा त्या शांततेनं तिला जाग आली. तिनं डोळे चोळले, पोटावर हात ठेवला आणि बाहेर न बघताच विचारलं, “आई, कराड आलं का गं?”

“घर आलं,” मी म्हटलं.