फुईंनी दिलेले दोन तारे

माझ्या बायकोच्या फुईंनी जिला गुण दिले नाहीत अशी एकही गोष्ट धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत शिल्लक नसावी. फुई म्हणजे आत्या. खानदेशात आत्याला फुईच म्हणतात, आणि आमच्या या फुईंना तर नातेवाईक, शेजारी, दूधवाला, दातांचे डॉक्टर, सगळेच फुई म्हणतात. धुळ्याहून जळगावला येताना त्या ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि पारोळा येईपर्यंत त्या माणसाचे गुण ठरलेले असतात. उतरताना ते त्याला सांगायलाही विसरत नाहीत. "ब्रेक हळू दाबता, चांगलं शे. पण ती बाई लेकरू घेऊन चढत होती तेव्हाच गाडी हलवलीत. पाचातले तीन." पाचोऱ्याच्या एका लग्नात मांडव, जेवण आणि भटजी तपासून झाल्यावर त्यांनी वधूपित्याला बाजूला घेतलं आणि हात धुवायची जागा पंगतीपासून फार लांब ठेवल्यामुळे लहान मुलं नवरीच्या शालूला हात पुसतात, हे त्याला शांतपणे समजावून सांगितलं. वधूपिता पाठवणीच्या गडबडीत होता. तो हात जोडून म्हणाला, "पुढच्या वेळी लक्ष ठेवतो, फुई."

या परीक्षेतून मीही सुटलेलो नाही. मी धुळ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी मला माझ्या शाळेबद्दल विचारत होती. मी इंग्रजीचा शिक्षक असल्यामुळे जरा ऐटीतच उत्तरं देत होतो. तेवढ्यात एक बाई आतून आल्या, शेजारणीचं सात-आठ महिन्यांचं मूल त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आणि काही न बोलता दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलानं आधी माझा चष्मा ओढला, मग खिशातलं पेन तोंडात घातलं आणि शेवटी माझी नवी पॅंट ओली केली. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी मूल उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगितला. "लेकरू रडलं नाही. यांनीबी ते लांब धरलं नाही. चालंल." आकडा मात्र सांगितला नाही. आमच्या लग्नाला आता वीस वर्षं होतील. तो आकडा विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

फुईंची सगळी नोकरी अंगणवाड्यांवर देखरेख करण्यात गेली. साक्री, शिरपूरकडच्या गावांतून त्या बसनं, ट्रॅक्टरवरून, आणि काहीच मिळालं नाही तर पायी हिंडल्या. निवृत्तीनंतर त्या घरात बसून सुनेच्या पोळ्यांना गुण देऊ लागल्या, तेव्हा सून काळजीत पडली. नेमकी त्याच सुमारास एक संस्था पाळणाघरांना मानांकन द्यायला लागली होती. खिडक्यांची उंची, खेळण्यांची संख्या, सांभाळणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण, आग विझवायचं नळकांडं, असं सगळं तपासायचं, नऊ पानांचा तक्ता भरायचा आणि एक ते पाच तारे द्यायचे. संस्थेला आमच्या भागात तपासनीस हवा होता. फुईंची निवड झाली आणि सुनेनं पेढे वाटले. आमच्या एका काकांनी विचारलं, "तारे म्हणजे हॉटेलासारखं का?" फुई म्हणाल्या, "हॉटेल आवडलं नाही तर माणूस उठून जातो. लेकरू कुठं जाईल?"

तपासायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. आत शिरलं की त्या पदर खोचायच्या आणि सरळ जमिनीवर उतरून दोन हात, दोन गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरायच्या. लेकराच्या डोळ्यांना काय दिसतं ते लेकराच्या उंचीवरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. उशा त्या हुंगायच्या. मुलांच्या पिंपातलं पाणी प्यायच्या. मुलांची खिचडी मुलांच्याच वाटीतून खायच्या आणि तिखट लागली तर तक्त्यात लिहायच्या. धुळ्यात एका चकचकीत, गार हवेच्या पाळणाघराचे संचालक कोट घालून त्यांच्या स्वागताला उभे होते. फुई त्यांच्या पायांजवळून रांगत निघून गेल्या. पुढे बाथरूमची कडी तपासायला आत गेल्या आणि ती कडी जी अडकली, ती काही केल्या निघेना. बाहेर संचालक, दोन ताया आणि एक वॉचमन घाम गाळत होते. आतून फुईंचा आवाज मात्र अजिबात चढला नाही. "मुद्दा अकरावा. कडी बाहेरून उघडत नाही. कोणीतरी लिहून घ्या."

अशा फुई आमच्याकडे तपासणीला येणार हे ठरलं तेव्हा मला आनंद झाला होता, हे आज सांगताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. माझी बायको जळगावात आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर बारा वर्षांपासून पाळणाघर चालवते. गावाबाहेरच्या एका कारखान्यानं आपल्याकडच्या कामगार बायकांची मुलं किमान तीन तारे असलेल्या पाळणाघरात ठेवायची ठरवलं. बायकोनं अर्ज केला. मागची खोली पाडून मोठी करायची, अंगणात वाळूचा हौद करायचा, असे बेत ती महिनाभर कागदावर काढत होती. फुईंनी संस्थेला कळवलं की नातं आहे, दुसऱ्याला पाठवा. संस्थेनं उत्तर दिलं की दुसरं कोणी मोकळं नाही, आणि तुमच्या निःपक्षपातीपणाची आम्हाला पूर्ण खात्री आहे. मी बायकोला म्हणालो, "चला, घरचंच माणूस आहे." ती म्हणाली, "तुम्हाला फुई अजून कळली नाही."

तरी मी तयारीला लागलो. फळांचे, प्राण्यांचे, चांगल्या सवयींचे तक्ते मी लॅमिनेट करून आणले. शेजारच्या कापड दुकानाच्या शेठजींकडून आग विझवायचं लाल नळकांडं दोन दिवसांसाठी मागून घेतलं. शेठजींची तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली मंडळी, मोठ्या मनाची. त्यांनी ते स्वतः पुसून दिलं. आणि दारासमोरच्या भिंतीवर मी एक मोठी पाटी ठोकली: 'येथे शुद्ध मराठी व इंग्रजीतच बोलावे.' ही पाटी खरं तर माझीच कल्पना. महिन्यापूर्वीच तिचा मजकूर तयार करून मी बायकोला आणि मदतीच्या बाईंना तसं वागायची सवय लावली होती. पालकांना असलं आवडतं, असं माझं मत होतं.

फुई आल्या त्या मंगळवारी दुपारी, मुलांच्या झोपेच्या वेळी. चहा नको म्हणाल्या. रांगून झालं, उशा हुंगून झाल्या, पाणी पिऊन झालं. तक्त्यावर एकेक खूण होत होती आणि माझा जीव भांड्यात पडत होता. नळकांड्यापाशी थांबून त्यांनी मदतीच्या बाईंना ते कसं चालवतात विचारलं. बाई प्रामाणिक. त्या म्हणाल्या, "ते शेठजींचं आहे, संध्याकाळी परत द्यायचंय." फुईंनी माझ्याकडे बघितलं. मी प्राण्यांच्या तक्त्याकडे बघितलं.

मग त्यांना फाटकाजवळच्या पायरीवर बसलेली मुलगी दिसली. साडेतीन-चार वर्षांची, दप्तर मांडीवर घेतलेलं. तिचे आईवडील चोपड्याच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातून नुकतेच जळगावला आले होते. आई एका दवाखान्यात आया म्हणून लागली होती. मुलीला आमच्याकडे तीन आठवडे झाले होते. "फार शांत मुलगी आहे," बायको म्हणाली. "काहीच त्रास देत नाही."

फुई तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसल्या. पिशवीतून शेंगा काढल्या आणि तिच्याकडे न बघता सोलायला लागल्या. अर्धा तास गेला. मुलगी थोडी सरकली. आणखी थोडी सरकली. मग तिनं एक दाणा उचलला.

"तुनं नाव काय शे?" फुईंनी विचारलं.

मुलीनं दाराकडे वळून बघितलं. माझी बायको तिथं उभी होती. मुलगी अगदी हळू म्हणाली, "आठे बोलानं नही."

इथं बोलायचं नाही, असं ती सांगत होती.

फुईंचा शेंगा सोलणारा हात थांबला. "मन्हासंगे बोल," त्या म्हणाल्या. मुलीनं थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि मग तिला पहिल्यांदा जे विचारायचं होतं ते विचारलं. "मनी माय कव्हय येई?" आई केव्हा येईल, हे. तीन आठवडे ती हा एकच प्रश्न मांडीवरच्या दप्तरासारखा धरून बसली होती आणि तो विचारायची भाषा आम्ही तिच्याकडून काढून घेतली होती. त्यानंतर ती तासभर बोलत होती. बकरीबद्दल, आजीबद्दल, घरामागच्या मोहाच्या झाडाबद्दल. आई आली तेव्हाही बोलणं चालूच होतं.

संध्याकाळी फुईंनी नऊ पानं भरली आणि शेवटी दोन तारे काढले.

बायकोनं तक्ता दोनदा वाचला. "फुई, यात मी कुठं कमी पडले ते दाखव."

"नळकांडं सोडलं तर यात नाही कमी."

"मग दोनच का?"

"एक लेकरू तीन आठवडे मुकं बसलं आणि तू म्हणतेस शांत शे." फुई जराही रागावलेल्या नव्हत्या. "तू नवी नवरी इथं आलीस, तेव्हा महिनाभर बोलत नव्हतीस. सासू तुझ्या बोलीला हसायची म्हणून. फोनवर माझ्याशी रडायचीस. ते तू विसरलीस?"

बायको उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. माझी आई हसायची हे मला ठाऊक होतं, कारण मीही थोडं हसत असे. त्या महिन्यात मी शाळेतल्या मित्रांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की बायको फार शांत मिळाली.

कारखान्यानं मुलं दुसरीकडे पाठवली. बायकोनं हौदाचे कागद कपाटात ठेवून दिले आणि फुईंचं नाव काढायचं बंद केलं. पण पुढच्या सोमवारी सकाळच्या बसनं फुई आल्या. हातात तक्ता नव्हता, फक्त शेंगांची पिशवी होती. त्या पायरीवर जाऊन बसल्या. संध्याकाळच्या बसनं परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. असं आठ दिवस चाललं. बायको त्यांच्यापुढे ताट ठेवायची, पण बोलायची नाही. फुई जेवायच्या आणि आमटी चांगली झाली आहे असं ताटाला सांगायच्या. नवव्या दिवशी मी खाली आलो तर बायको पायरीपाशी वाकून त्या मुलीला म्हणत होती, "चाल माय, जेवाले चाल." आपल्या घरात ती भाषा मी इतक्या मोकळ्या आवाजात कधी ऐकली नव्हती. फुई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पाटी काढली. खिळे खोल ठोकले होते, त्यामुळे भिंतीचा गिलावाही थोडा निघाला.

सहा महिन्यांनी नाशिकहून दुसरे तपासनीस आले आणि त्यांनी चार तारे दिले. कारखान्याची मुलं आता आमच्याकडे असतात, हौदही झाला. नळकांडं आमचं स्वतःचं आहे. फुईंना फोन केला तर म्हणाल्या, "एक जास्तच दिला. पण असू दे."

या गोष्टीलाही आता चार वर्षं झाली. संस्थेनं हल्ली मोबाइलवर फोटो मागवून तारे द्यायला सुरुवात केली आहे. फुईंनी एकदा तसे फोटो उघडून बघितले, उशीचा फोटो नाकाजवळ नेला आणि मोबाइल सुनेला परत दिला. गुडघेही गेले. गेल्या महिन्यात मी शाळेच्या कामासाठी धुळ्याला गेलो तेव्हा त्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती पोरगी कशी शे?"

ती आता मोठ्या शाळेत जाते, दुसरीत आहे. थोड्याच दिवसांपूर्वी मला आईबरोबर बाजारात भेटली होती. आईनं तिला विचारलं होतं, फुई आठवतात का, शेंगा द्यायच्या त्या? मुलगी बराच वेळ विचार करून नाही म्हणाली होती. फुईंशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून मी जे झालं ते सांगितलं.

फुई म्हणाल्या, "बरं झालं. दुखलेलं राहतं लक्षात. तिचं गेलं असंल." नंतर त्यांनी मला चहा घेणार का विचारलं. माझा कप समोरच होता, अर्धा प्यायलेला. मी म्हणालो, घेईन की. पाचेक मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चार साड्या पिशवीत भरल्या, पाळणाघर बाईंच्या आणि माझ्या हवाली केलं आणि धुळ्याची बस पकडली. रोज संध्याकाळी फोन येतो. मागून फुईंचा आवाज ऐकू येतो, आणि दोघी आपल्या बोलीत काहीतरी बोलून हसत असतात. मला त्यातलं निम्मंच कळतं. ती परत केव्हा येणार हे मी अजून विचारलेलं नाही.