आईच्या ओवीतलं त्याचं नाव

जळगावला कॉलेजात असताना माझा एक वर्गमित्र तिथल्याच मेहरूण भागात राहायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिलाच. त्याच्या घरी वडील, काका सगळे शिकलेले. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या आईनं मला कितीदा जेवू घातलं, ते मी विसरलेलो नाही. पण त्याचा हेवा वाटायचा, तोही विसरलेलो नाही.

बाकीची मुलं दुकानातून कॅसेटमध्ये सिनेमाची गाणी भरून आणत. हा कापसाच्या जिनिंगचा खडखडाट आणि विहिरीवरच्या इंजिनाची धकधक टेप करायचा. "हेही संगीतच," म्हणायचा. आपल्याला नोकरी लागेल का, ही काळजी त्याला नव्हती. त्यामुळे त्याला असलं काही ऐकू येत असावं, असं मला वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत तो धुळ्याकडच्या आमच्या गावी आला. गिरणी आली होती, तरी डाळ आई जात्यावरच भरडायची. पहाटे त्यानं टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवला. आई ओवीत घरातल्या माणसांची नावं घ्यायची. वडिलांचं झालं, मामाचं झालं, आणि माझ्या जागी तिनं त्याचं नाव घेतलं.

चहा पिताना मी विचारलं, "माय, मनं नाव कोठे गयं?"

"पाव्हना शे तो. आज त्यानं नाव. तुनं ते रोजच ऱ्हास, तू कधी आयकं?"

"मला गायलं आणि मिरच्या तुला झोंबल्या," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईनं माझं नाव घेतलं. पण तोवर सेल उतरले होते. टेप हळू फिरली, म्हणून त्याच्या घरी चांगल्या मशीनवर लावल्यावर आईचा आवाज पातळ आणि घाईचा आला, एखाद्या मुलीसारखा. त्याला तोच फार आवडला. दोन्ही पहाटेच्या ओव्यांना जिनिंगचा आवाज जोडून त्यानं थोड्या कॅसेटी भरल्या आणि वाटल्या. कोणी दखल घेतली नाही. मला बरं वाटलं.

पुढे मी धुळ्याला शिक्षक झालो. नव्वदीच्या अखेरीस पुण्यातल्या काही तरुणांना ती कॅसेट कुठेतरी सापडली आणि त्यांनी तिची सीडी काढली. ती घेऊन तो माझ्या घरी आला. आई तेव्हा हयात नव्हती.

त्यानं सीडी लावली. आधी त्याचं नाव आलं, स्वच्छ, मला जेवायला हाक मारणाऱ्या आवाजात. मग माझं. त्या पातळ आवाजात ते माझं आहे हे मलाच कळलं असतं.

"सगळे विचारतात, ही मुलगी कोण," तो म्हणाला.

"मग काय सांगतोस?"

"मित्राची आई."

तिचा खरा आवाज याच्या नावाबरोबर राहिला होता. माझ्याकडे तिची एकही टेप नव्हती.

"परत लाव," मी म्हणालो.

"तुझं?"

"नाही. तुझं."