दोन कुलपांची पेटी

किल्लीवाली काकू कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाजाराच्या तोंडाशी, जिन्याखाली तिचं दुकान. दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावरूनच बोलायचं, एवढीच जागा. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, टेबलाला घट्ट बसवलेला शिकंजा आणि शेजारी एक जाडजूड वही. कुणी, कशाची, कधी किल्ली करून नेली, ते सगळं त्या वहीत. एकदा एक घरमालक साबणाच्या वडीवर भाडेकरूच्या किल्लीचा ठसा उठवून घेऊन आला. दुप्पट पैसे देतो म्हणाला. काकूनं वडी घेतली, बादलीत बुडवली आणि त्याच्या देखत कोपरापर्यंत हात धुतले. "साबण चांगला आहे हो तुमचा," एवढंच म्हणाली.

अशी बाई चर्चच्या मंडळीची खजिनदार. तिला नेमलं तेव्हा सेक्रेटरी शेजारच्याच्या कानात पुटपुटला होता, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." काकूचे कान भलते तिखट. दुसऱ्याच रविवारी तिनं अट घातली की औषधफंडाच्या पेटीला दोन कुलपं लावायची. एकाची किल्ली आपल्याकडे, दुसऱ्याची मंडळीतल्याच एका मास्तरांकडे. मास्तरांचं कुलूप तिच्या नवऱ्यानं स्वतः बनवून दिलं. हा फंड रोख ठेवायचा, कारण आजारपण काही बँकेची वेळ बघून येत नाही.

अकरा वर्षं हे असंच चाललं. रविवारची उपासना संपली, की काकू आणि मास्तर समोरासमोर बसून पैसे मोजायचे, एकदा तिनं, एकदा त्यांनी, आणि मग वहीत दोघांच्या सह्या. मास्तर कधी कंटाळून म्हणायचे, "अगं, तू मोजलंस की आत्ता." काकू गड्डी त्यांच्याकडे सरकवायची. "मी मोजलं. आता तुम्ही मोजा."

मग एका मंगळवारी तिचा नवरा दुकानात काम करता करता पोट धरून खाली बसला. आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ऑपरेशन. काउंटरवरचा माणूस म्हणाला, पाचच्या आत चाळीस हजार भरा. घरात होते सहा. दहा वाजता मंडळीचे पाच पंच जमले आणि औषधफंडातून चाळीस हजार द्यायचे असं पाच मिनिटांत ठरवून आपापल्या कामाला गेले. इथवर सगळं सुरळीत झालं.

पण मास्तर आदल्या दिवशीच लेकीकडे गेले होते, पुरत्या एका दिवसाच्या प्रवासावर. आणि पेटीची किल्ली होती त्यांच्या कोटाच्या खिशात.

"अगं काकू, उघड तू," मास्तर फोनवर कळवळून म्हणाले. "माझी परवानगी आहे."

"परवानगी फोनवरून आली, मास्तर. किल्ली नाही आली."

पेटीपाशी चर्चचे पाळकसाहेबही होते, बिचारे साधे माणूस. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला ते कुलूप किल्लीशिवाय उघडायला किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं."

"मग?"

"म्हणूनच उघडणार नाही."

लेक रडत होती. "आई, बाबा तिकडे तडफडतायत आणि तुला कुलपाची पडलीय?"

घाबरली होती काकू, भयंकर घाबरली होती. कुलूप उघडायची तार खिशातच होती, बोटांना लागत होती. कोण नको म्हणत होतं? पाळकसाहेब हो म्हणत होते, मास्तर हो म्हणत होते, सेक्रेटरीसुद्धा मान डोलवत होता. आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"आज तुम्हाला माझी दया येतेय," ती म्हणाली. "दया चार दिवसांत ओसरेल. मग लोकांच्या लक्षात काय राहील? काकूला एकटीला पेटी उघडता येते, आणि तिनं ती स्वतःच्या घरासाठी उघडली. पुढच्या आजाऱ्यासाठी या पेटीत कोण पैसे टाकील? देवाला सगळं दिसतं, ते ठीक. मंडळीलाही दिसलं पाहिजे. फोडा कुलूप. पाचही पंचांनी मिळून फोडा. माझा हात लागणार नाही."

"पंच आता कुठून आणायचे?" सेक्रेटरी म्हणाला.

"मी आणते."

लेकीला तिनं दवाखान्यात धाडलं आणि स्वतः भर उन्हात निघाली. बेकरीवाल्याला पिठाच्या हातांनिशी उठवलं. रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सबाईचं दार बडवलं. एकजण म्हणाला जेवून येतो. ती त्याच्या उंबऱ्यात उभीच राहिली, तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरेना. सेक्रेटरी धरून पाचही पंच गोळा व्हायला अडीच वाजले. दुकानातली करवत तिनं टेबलावर ठेवली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली.

कुलूप कसलं, नवऱ्याच्या हातचं काम होतं ते! सेक्रेटरीच्या तळव्यांना फोड आले, बेकरीवाला घामानं निथळला. "काकू, जरा धरून दाखवा तरी," सेक्रेटरी काकुळतीला आला. "तिरकी धरलीय तुम्ही," काकू बसल्या जागेवरून म्हणाली, पण उठली नाही. घड्याळाकडे बघायचं तिनं सोडून दिलं होतं. मनात फक्त प्रार्थना चालू होती, आणि त्या प्रार्थनेतही ती देवाशी भांडतच होती.

चारला पाच मिनिटं कमी असताना कडी तुटली. मग काकूनं आपलं कुलूप आपल्या किल्लीनं काढलं. पंचांनी दोनदा मोजलं. वहीतला आकडा आणि पेटीतला आकडा पैनपै जुळला.

"दहा हजार जास्तीचे न्या," सेक्रेटरी मान खाली घालून म्हणाला. "लागतील."

"ठरले किती?"

"चाळीस."

"मग चाळीसच." तिनं पैसे घेणाऱ्याच्या जागी सही केली. खजिनदाराच्या जागी बेकरीवाल्याला करायला लावली. पाचला दहा मिनिटं असताना तिनं काउंटरवर नोटा ठेवल्या.

ऑपरेशन झालं. नवरा वाचला. चौथ्या दिवशी तो उशीला टेकून बसला, तेव्हा आईशी अबोला धरलेल्या लेकीनं सगळी हकीकत बापाच्या कानावर घातली, तक्रार म्हणून. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आणि मी गेलो असतो तर?" त्यानं बायकोला विचारलं.

काकूचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "जन्मभर रडले असते," ती म्हणाली. "पण उघडलं नसतं."

तो उशीवरून जरा पुढे सरकला.

"माझ्या जागी तू असतीस, तर मी उघडलं असतं गं."

"म्हणूनच," काकू म्हणाली, "खजिनदार मी आहे."