मला ऐकू न आलेली तोफ

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या सदरातले लोकांचे अनुभव वाचतो आणि पान उलटतो... विश्वास म्हणाल तर कधीच नव्हता. माझं काम मशीनचं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो, त्याआधी मस्कतला एसीची कामं केली. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि यायला हवा तिथे आला नाही तर त्यालाही असतं, या समजुतीवर माझं पोट चालतं. म्हणूनच असेल, झालं ते गिळून बसलो.

आमचा मोहल्ला रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीच्या शहराकडच्या काठाला. नाव देत नाही, माणसं अजून आहेत. जुन्या धक्क्याच्या टोकाशी जांभ्याच्या चौथऱ्यावर एक बुटकी तोफ आहे. इंग्रजांच्या वेळी ती रोज दुपारी बाराला उडायची म्हणे. गलबतांवरचे तांडेल आणि बाजारातले दुकानदार तिच्यावर घड्याळं लावायचे. ती डागणारा खलाशी म्हणजे माझे आजोबा. पुढे बंदरात गाळ भरला, गलबतं यायची थांबली, दुपारची तोफही थांबली. पण रमजानात रोजा सोडायच्या वेळी ती उडवायचा रिवाज मोहल्ल्याने ठेवला आणि ते काम आजोबांनंतर बाबांकडे आलं. दारूच्या परवान्यासाठी ते दरवर्षी कचेरीत जायचे. तिथला भाऊसाहेब दरवर्षी म्हणायचा, "रमजानात दारू मागायला येणारे तुम्ही एकटेच, चाचा." बाबा दरवर्षी नव्याने हसायचे.

त्या तोफेनेच त्यांचे कान नेले. मी कळता झालो तेव्हा जरा मोठ्याने बोलावं लागायचं. शेवटी शेवटी ओरडलं तरी काही नाही. पद्धत अशी होती - मशिदीच्या गच्चीवरून बांग देणारा बांगी हिरवा रुमाल हलवायचा, बाबा वातीला आग लावून पाठ फिरवायचे. तोफ उडाली की पायांना धक्का कळायचा. तरी ते स्वतःच्या पायांवर विसंबायचे नाहीत. सोबत असेल त्याच्या तोंडाकडे बघून विचारायचे, "वाजली काय रं?" मान हलली की मगच खजूर तोंडात. कधी दारू ओली निघायची, नुसतं फुस्स व्हायचं. मग आम्ही नकाराची मान हलवायची, ते तोफ पुसून काढून पुन्हा भरायचे. पुन्हा उडेपर्यंत पाण्याचा घोट नाही.

१९९८ सालचा रमजान डिसेंबरात लागला होता. त्या संध्याकाळी सोबत मी होतो. मस्कतच्या व्हिसासाठी मुंबईच्या एजंटकडे खेटे घालून झाले होते, आणि त्याने निरोप दिला होता की रोजा सुटल्याबरोबर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करतो, उचलला नाहीस तर जागा दुसऱ्याला. दोन वर्षं घरात बसून खात होतो. माझं सगळं लक्ष त्या बूथकडे.

लाईट गेलेली होती. मशिदीचा स्पीकर बंद, म्हणजे मोहल्ल्याचं लांबचं टोक, खाडीतल्या होड्या आणि पलीकडची वाडी, सगळे तोफेच्या भरवशावर. रुमाल हलला. बाबांनी आग लावली, पाठ फिरवली. फुस्स... थोडा धूर, बस्स.

बाबा माझ्याकडे वळले. "वाजली काय रं? पायाला काय लागली नाय."

पुन्हा भरायची म्हणजे निदान पाव तास. मी मान हलवली. हो.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायांकडे बघून थोडं हसले, जणू तेही आता कामातून गेले. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी खजूर तोंडात टाकला. मी बूथकडे पळालो. फोन आला. व्हिसा मिळाला.

खाडीपलीकडे लोक अंधार पडेपर्यंत थांबले होते. होडीवाला हसन तर मधल्या पाण्यात वल्हं टाकून बसून राहिला होता. रात्री तरावीहची नमाज झाल्यावर जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आणि दोघं जण घरी आले. भांडायला नव्हे, विचारायलाच. मी हातवारे करून बाबांना समजावलं, तोफ वाजली नाही असं म्हणतायत.

बाबा शांतपणे म्हणाले, "वाजली. माझा पोरगा होता तिथं. त्याला विचारा."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मी चटईकडे बघत राहिलो. तोंडातून ना हो निघालं, ना नाही. सदरांना काय समजायचं ते समजलं - म्हातारा भ्रमिष्ट झालाय आणि पोरगा बापाची लाज राखतोय. फार अदबीने म्हणाले, चाचा, आता तुमचं वय झालं, आराम करा. दारूच्या पेटीची चावी त्यांनी खुणेने मागितली आणि बाबांनी कमरेची काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून मशिदीत बॅटरीवरचा स्पीकर आला. तोफ पुन्हा उडाली नाही.

बाबा मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. रोज संध्याकाळी धक्क्यावर जायचे, चौथऱ्याला टेकून उभे राहायचे आणि सगळ्यांच्या नंतर घरी येऊन रोजा सोडायचे. ईद झाल्यावर मी मस्कतला गेलो. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मातीला मी नव्हतो.

२००५ साली मी कायमचा परत आलो. मुलांच्या शाळेसाठी बायको मुंब्र्याला राहिली, घरात मी एकटा. एकट्याने रोजा सोडणं काय असतं ते ज्याने सोडलाय त्यालाच ठाऊक. समोर ताट, आणि "घे ना" म्हणायला कुणी नाही. म्हणून एका संध्याकाळी खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन धक्क्यावर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तोफेच्या तोंडात कधीचं सिमेंट भरून टाकलं होतं. वर काळा रंग. मी चौथऱ्यावर बसलो, पाठ तोफेला.

लाईट त्या दिवशीही गेली होती. स्पीकरच्या बॅटरीचं काय झालं होतं ते मागाहून कळलं, कुणी चार्जच केली नव्हती. सूर्य पाण्याला लागला, गेला. मी बांगेची वाट बघत होतो. एकदम पलीकडच्या माडांवरून कावळे उठले, सगळेच्या सगळे. धक्क्यावर झोपलेलं कुत्रं दचकून उभं राहिलं आणि शेपूट घालून पळालं. मला वाटलं, काय झालं यांना? कारण आवाज म्हणाल तर काही नव्हता. धक्क्याला पाणी लागत होतं तेवढंच.

खाडीत हसनची होडी होती. त्याने माझ्या दिशेने हात वर केला, वल्हं ठेवलं, बाटली काढून पाणी प्यायला. मग काठाला येऊन म्हणाला, "काय इकबालमियां, बापाची गादी चालवायला घेतली काय? छातीत धडकी भरली ना माझ्या."

मी म्हटलं, कसली गादी?

"तोफ रे. भाट्यापर्यंत गेली असेल."

मला वाटलं मस्करी करतोय. तोवर मोहल्ल्यातून पोरं धावत आली, मागून सदर. परवाना काढलास का, दारू कुठून आणलीस, सांगायचं तरी... रागावलेले होते आणि डोळे भरलेले होते. घराघरात लोकांनी रोजा सोडला होता. पलीकडच्या वाडीतही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सदरांनी तोफेच्या तोंडाला हात लावून पाहिला. सिमेंट जसंच्या तसं. लोखंड गार. मग मला घरी जेवायला चल म्हणाले. मी गेलो नाही.

सगळे गेल्यावर हसन होडी बांधत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि माझ्या तोंडातून निघालं, "वाजली काय रं? खरंच? मला तर पायालाही लागली नाय."

हसनने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. हो.

मी खजूर तोंडात टाकला.

कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. कुणी म्हणतं चिऱ्याच्या खाणीत सुरुंग लावला असेल. असेल... पण मग तोफेला पाठ लावून बसलेल्या मलाच तो कसा ऐकू आला नाही? सगळ्या गावाला खोटं ऐकू आलं, की मला एकट्याला खरं ऐकू दिलं नाही? कारखान्यात आजही एखादं मशीन बंद पडून सगळं शांत झालं की माझा हात आपोआप कॉम्प्रेसरवर जातो, थरथरतोय का बघायला.

सदर अजून आहेत. हसन आहे. त्यांना सांगायचं आहे की त्या संध्याकाळी बाबांचे पाय बरोबर होते, चुकली ती माझी मान. प्रत्येक शुक्रवारी कबरस्तानात जातो, फातिहा पढतो, उठतो. मशिदीच्या पायरीवर सदर बसलेले असतात, सलाम करतो आणि पुढे जातो.

बाबांनी मला विचारलं होतं, वाजली काय रं. ते एक 'नाय' मी अजून त्यांना देणं लागतो.